दीपावलीतील दग्धव्रण आणि वैद्याचा पहिला शब्द

शरद ऋतू हा पित्तप्रकोपाचा काळ. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वगळून इतर ऋतूंत अग्निकर्म करावे, आणि या दोहोंत ते अपरिहार्यच ठरले तर त्याविरुद्धची उपाययोजना आधी करून मगच करावे, असा सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायाचा निर्देश आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या ऋतूत अनुभवी वैद्यानेही तापलेली शलाका हाती घेताना दहा वेळा विचार करावा, नेमक्या त्याच ऋतूत आपला समाज पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी तार देतो आणि तिला कौतुकाने फुलबाजी म्हणतो.

फटाके वाजवावेत की वाजवू नयेत, हा वाद दरवर्षी वृत्तपत्रांतून रंगतो. तो येथे पुन्हा मांडण्याचा आमचा हेतू नाही. सण साजरा होणारच, आणि तो आनंदाने व्हावा. आमची चिंता भाजल्यानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांची आहे. त्या वेळी रुग्ण कोणत्याही रुग्णालयात पोहोचलेला नसतो. तो घरातील वडीलधाऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि पुष्कळदा दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या ओळखीच्या वैद्याच्या हाती असतो. त्या क्षणी वैद्याच्या मुखातून निघणारा पहिला शब्द ‘पाणी’ हाच असला पाहिजे. तूप, हळद, मध, कोरफड हे सारे नंतरचे. आपला व्यवसाय हा शब्द पुरेशा स्पष्टपणे उच्चारत नाही, अशी आमची तक्रार आहे.

जुहूचेच उदाहरण घेऊ. एकीकडे जुहू तारा रस्त्यावरील बंगले आणि विलेपार्ले-जुहू योजनेतील सोसायट्या, दुसरीकडे कोळीवाडा, मोरागाव आणि नेहरूनगरातील दाटीवाटीची घरे, आणि या सर्वांचे सामाईक अंगण म्हणजे चौपाटी. मोकळी जागा म्हणून फटाके उडविण्यास समुद्रकिनारा सर्वांत सुरक्षित, असे पालकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. किनाऱ्यावर पेटण्याजोगे छप्पर नसते हे मान्य. परंतु वाळूचे स्वतःचे धोके आहेत. फुलबाजी विझली की तिची तार वाळूत खोचण्याची किंवा फेकण्याची मुलांना सवय असते. विझलेली तार काळी दिसते, वाळूत दिसेनाशी होते आणि कितीतरी वेळ चटका देण्याइतकी गरम राहते. चौपाटीवर तर निम्मी माणसे अनवाणी चालत असतात. तळपायाचा दाह आणि खोल रुतलेला तारेचा तुकडा, अशी जोडजखम त्यातून होते. वाळूत ठेवलेला भुईनळा नीट बसत नाही. बाण लावण्यासाठी रोवलेली बाटली कलते, आणि आकाशाकडे जाण्याऐवजी तो बाण खाद्यपदार्थांच्या दुकानांकडे किंवा गर्दीकडे झेपावतो. सायंकाळी समुद्राकडून वारा येत असतो, म्हणजे ठिणग्यांची दिशाही गर्दीचीच. शहाळी आणि नारळ यांना जुहूत तोटा नाही. सुतळी बॉम्बवर करवंटी किंवा डबा पालथा घालून तो किती उंच उडतो हे पाहण्याचा खेळ म्हणूनच येथे सोपा होतो. करवंटीचा उडालेला कपचा डोळ्यात शिरला तर काय होते, हे शालाक्यतंत्राच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

तरीही आम्हांस सर्वाधिक भय वाटते ते लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे. रात्री न फुटलेले, ओलसर झालेले, वात अर्धी जळालेली असताना सोडून दिलेले फटाके सोसायट्यांच्या आवारात आणि वाळूत पडलेले असतात. ज्यांच्या घरी फटाक्यांसाठी पैसे नसतात, अशी मुले पहाटे ते वेचतात. कोणी त्यांची दारू सोडवून कागदावर एकत्र करते आणि काडी लावते. कोणी अर्धवट वातीवर तोंड खाली नेऊन फुंकर घालते. फटाक्याचा स्फोट मोजून-मापून होत नाही. उघड्या दारूचा भडका तर क्षणात चेहरा, भुवया, पापण्या आणि दोन्ही हातांचे पंजे व्यापतो. मोठ्या घरांच्या मौजेचा शेष लहान घरांच्या मुलांच्या हातावर असा फुटतो. यावरचा उपाय किती सोपा आहे पाहा: रात्रीच आवार झाडून सगळा कचरा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवणे. न फुटलेल्या फटाक्याजवळ लगेच जाऊ नये, पुरेसा वेळ थांबून लांबूनच त्यावर पाणी ओतावे, हे मुलांना ठाऊक असते. मोठ्यांनाच त्याचा विसर पडतो.

दारूकामाचा इतिहास फार प्राचीन नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाच्या इतिहासावर एक पुस्तिका लिहिली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. बंदुकीची दारू आपल्याकडे आल्यानंतरचा हा खेळ आहे, हे त्या कालखंडावरूनच ध्यानात येते. वैद्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, संहिताकारांनी चुलीचा, तेलाचा, विजेचा, वणव्याचा दाह पाहिला होता. फटाक्याचा घाव पाहिला नव्हता. तो केवळ दग्ध नसतो. हातात फुटलेला बॉम्ब एकाच वेळी त्वचा जाळतो, बोटे चिरडतो, मांस फाडतो आणि कागद, माती व रसायने आत कोंबतो. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात सांगितलेल्या सहा सद्योव्रणांपैकी छिन्न, विद्ध आणि पिच्चित हे तीन तरी प्रकार तेथे दग्धाच्या जोडीला उभे असतात. अशा हातावर ‘भाजले आहे’ म्हणून दग्धाचा लेप लावणे हे निदानच चुकविणे होय. स्वच्छ कापडाने झाकून, रक्तस्राव होत असल्यास दाबून धरून, हात हृदयापेक्षा उंच ठेवून शल्यविशारदाकडे पाठविणे एवढेच तेथे आपले काम. तुटलेले बोट सापडल्यास ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत द्यावे. बोट थेट बर्फात ठेवू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो थोडा अवघड आहे आणि आपल्या नियतकालिकांतून तो सहसा टाळला जातो. अग्निकर्मविधीच्या त्याच अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार येतात. पैकी प्लुष्ट, म्हणजे जेथे त्वचा विवर्ण होते व केवळ होरपळते, त्यात शेक द्यावा आणि उष्ण औषधे योजावीत असे म्हटले आहे. कारणही दिले आहे: पाणी स्वभावतः शीत असून ते रक्त घट्ट करते, म्हणून तेथे उष्णोपचारच सुखकर होतो. पदवीच्या परीक्षेत हे उत्तर आपण सर्वांनी लिहिले आहे. आणि याच आधारावर आजही काही वैद्य भाजलेल्या बोटाला पाणी लावू देत नाहीत, उलट ते दिव्याजवळ धरण्यास सांगतात.

दुसरीकडे जगभरच्या दग्धचिकित्सेचा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. भाजल्यापासून तीन तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे भाग धरला तर दाहाची खोली कमी राहते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे २,४९५ मुलांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना वीस मिनिटे वा अधिक काळ वाहत्या पाण्याचा उपचार मिळाला होता, त्यांच्यात त्वचारोपणाची गरज पडण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक घटली होती. याचे कारण समजण्यास कठीण नाही. विस्तव दूर केला तरी त्वचेत शिरलेली उष्णता तत्काळ बाहेर पडत नाही. ती आत जाळीतच राहते. साठ अंशांचा स्पर्श पाच-सहा सेकंदांत त्वचा खोलवर जाळू शकतो, मग हजार अंशांच्या तारेची कथा काय! पाणी ही साचलेली उष्णता काढून घेते.

या दोहोंत विरोध आहे काय? आहे, आणि तो शब्दच्छलाने झाकण्यात अर्थ नाही. मात्र तो जेवढा भासविला जातो तेवढा मोठा नाही. संहितेने उष्णोपचार सांगितला तो चारांपैकी केवळ प्लुष्टात. दुर्दग्धात, म्हणजे फोड, तीव्र दाह, लाली आणि वेदना असलेल्या प्रकारात, शीत आणि उष्ण अशा दोन्ही क्रिया सांगून लेप व सेक मात्र शीतच करावेत असा निर्देश आहे. अतिदग्धात तर विशीर्ण मांस काढून शीत क्रियाच करावयाची आहे. म्हणजे फटाक्यांमुळे होणाऱ्या बहुतेक गंभीर दाहांत ग्रंथाचा कल शीतोपचाराकडेच आहे. उरला प्लुष्टाचा प्रश्न. भाजल्याच्या पहिल्या क्षणी हा प्लुष्ट की दुर्दग्ध, हे कोणी ठरवावे? फोड कित्येकदा काही तासांनी येतात. घाबरलेल्या आईने ते ओळखावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. शिवाय प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले या दोहोंच्या मेळाने ज्ञान वाढते, ही शिकवण शारीरस्थानात देणारे आचार्य तेच आहेत. ज्यांनी शवच्छेदाचा आग्रह धरला, त्यांच्या नावाने प्रत्यक्ष प्रमाण नाकारणे हा त्यांचा सन्मान नव्हे. आमच्या मते वैद्यसंघटनांनी निःसंकोच सांगावे: प्रथमोपचारात सर्वच दाहांना पाणी. प्लुष्टातील उष्णोपचाराची मीमांसा अभ्यासमंडळात अवश्य व्हावी, स्वयंपाकघरात नको.

येथे एक पोटविषय. प्लुष्ट म्हणजे पहिल्या श्रेणीचा दाह, दुर्दग्ध म्हणजे दुसऱ्या, अतिदग्ध म्हणजे तिसऱ्या, असा तक्ता क्रमिक पुस्तकांतून छापला जातो आणि मध्ये सम्यग्दग्ध कोठे बसवावे याची ओढाताण होते. सम्यग्दग्ध हे मुळात वैद्याने हेतुपूर्वक केलेल्या अग्निकर्माचे इष्ट लक्षण आहे, अपघाताची पायरी नव्हे. दोन भिन्न वर्गीकरणे खिळ्याने ठोकून जोडण्यापेक्षा ती शेजारी-शेजारी ठेवणे बरे.

पाणी म्हणजे नळाचे साधे पाणी. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून होरपळलेल्या त्वचेची आणखी हानी होते. समुद्राचेही नको. अंगावरील कपडे पेटले असतील आणि जवळ दुसरे काही नसेल तर लाटेत शिरणे ठीकच, परंतु जेथे इर्ला नाल्यासारखे प्रवाह सागरास मिळतात, तेथील पाण्याने व्रण धुणे म्हणजे त्यात दुष्टी ओतणे होय. लहान मुलाचा मोठा भाग भाजला असेल तर भाजलेला भाग थंड करताना बाकीचे अंग पांघरुणाने उबदार राखावे, नाही तर मूल गारठते. अंगठी, बांगड्या, घड्याळ, करदोटा सूज येण्यापूर्वीच काढावा. त्वचेला चिकटलेले वस्त्र ओढू नये, भोवतीने कापावे. स्निग्ध द्रव्य तापले असता सूक्ष्म शिरांत शिरून अधिक खोल जाळते, हे निरीक्षण याच अध्यायात आहे; आजच्या काळात वितळलेले नायलॉन आणि पॉलिएस्टर हे काम तेलाच्याच निष्ठुरतेने करतात. म्हणून दिवाळीचे नवे कपडे हवेत, पण फटाक्यांच्या वेळी अंगात सुती, घट्ट बसणारे कपडे असावेत. ओढणी आणि पदर खोचलेले असावेत.

वाहते पाणी वीस मिनिटे कोठून आणावे, असा प्रश्न कोळीवाड्यातील गृहिणी विचारील, आणि तो रास्त आहे. जेथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे रात्री नऊ वाजता तोटी उघडून काही हाती लागत नाही. आम्ही साधा हिशेब केला. अर्ध्या मिनिटाला एक लिटरचा एक तांब्या सावकाश धरला तर वीस मिनिटांत चाळीस तांबे लागतात, म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या. एवढे पाणी कोणत्याही घरी सायंकाळी भरून ठेवता येते. तिसरी बादली विझलेल्या तारा आणि फुसके फटाके टाकण्यासाठी. या तीन बादल्या भरल्याविना पहिली फुलबाजी लावावयाची नाही, एवढा एक नियम घराघरांत रुजला तरी पुष्कळ झाले.

आता लेपांविषयी. टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, चुन्याची निवळी, हळद, मध, तूप, अंड्याचा बलक: भाजल्यावर काय काय लावले जाते याची यादी करू लागलो तर पाककृतीचे पुस्तक होईल. यांतील टूथपेस्टला आयुर्वेदाचा आधार नाही, पण हळदीला आणि तुपाला आहे, आणि तेथेच आपली जबाबदारी सुरू होते. हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु हळद व्रण भरून आणते याचा अर्थ ती ताज्या दाहावर पहिल्या मिनिटात भुरभुरावी असा होत नाही. गरम त्वचेवर तुपाचा थर दिला की उष्णता आत कोंडली जाते. हळद, गैरिक किंवा शाई यांनी व्रणाचा वर्ण झाकला जातो, आणि दाहाची खोली ठरविताना वर्ण हेच तर मुख्य लक्षण. रुग्णालयात तो लेप खरवडून काढताना रुग्णाला होणाऱ्या यातना पाहिल्या म्हणजे घरगुती उपायांची लोकप्रिय सदरे लिहिणाऱ्या आपल्या काही व्यवसायबंधूंनी लेखणी थोडी आवरावी असे वाटते.

याचा अर्थ दग्धचिकित्सेत आयुर्वेदाला स्थान नाही असा मुळीच नाही. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. पूर्ण शीत झालेल्या, न फुटलेल्या, लहान व वरवरच्या दाहावर शतधौत घृत उत्तम काम करते. वारंवार जलाने धुऊन त्याचे रूपच पालटलेले असते, त्यामुळे नित्याच्या तुपाशी त्याची तुलना करू नये. शुद्ध झालेल्या, भरू लागलेल्या व्रणावर जात्यादी घृत, यष्टिमधुसिद्ध घृत यांचा उपयोग आहे. व्रण भरल्यावरची कंडू, वैवर्ण्य, ताठरपणा यांसाठी तर आपल्याकडे जेवढा वेळ आणि जेवढी साधने आहेत, तेवढी मोठ्या रुग्णालयांच्या गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागांत क्वचितच मिळतात. हातावरचा दाह भरला की बोटे आखडू नयेत म्हणून नियमित हालचाल आणि मृदू स्नेहन, हे काम महिनोन् महिने चिकाटीने करणारा वैद्य रुग्णाचा हात वाचवितो. फोड मात्र घरी कोणी फोडू नयेत. खालच्या कोवळ्या त्वचेला फोडावरची त्वचा हेच सर्वोत्तम आवरण.

कोणाला आपण ठेवावे आणि कोणाला पाठवावे? आयुर्वेदाने शरीराचे मान रुग्णाच्या स्वतःच्या अंगुलांनी मोजले. योगायोग असा की आधुनिक दग्धचिकित्साही रुग्णाच्याच तळहाताने मोजते: बोटांसह त्याचा तळवा म्हणजे त्याच्या शरीरपृष्ठाचा सुमारे एक टक्का. मुलाचा दाह मुलाच्या तळव्याने मोजावा, वैद्याच्या नव्हे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल, दाह खोल, पांढरट किंवा बधिर असेल, रुग्ण लहान मूल किंवा वृद्ध असेल, आवाज बसला असेल किंवा श्वास लागत असेल, तर क्षेत्र कितीही कमी असो, त्याला त्वरित पाठवावे. जुहूकरांना महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. विस्तृत दाहासाठी चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर यांची नावे प्रत्येक दवाखान्यात लिहिलेली असावीत, त्याचप्रमाणे रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही. धनुर्वाताची लस टोचून घेण्यास सांगताना संकोच नको. अभिघातातून उद्भवणारा अपतानक असाध्य, हे सुश्रुतांनीच निदानस्थानात म्हटले आहे. जो असाध्य म्हणून सांगितला, तो टाळण्याचे साधन हाती असता ते न वापरणे कोणत्या शास्त्रात बसते?

डोळ्यांविषयी वेगळे सांगावे लागते, कारण तेथे गमावलेले परत मिळत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ व परिसरात प्लास्टिकच्या नळीची ‘कार्बाइड बंदूक’ नावाची वस्तू खेळणे म्हणून विकली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या, त्यांत मुख्यतः मुलांच्या, नेत्रांना इजा झाली. काहींची दृष्टी गेली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निर्माण होतो, तो पेट घेतो, आणि मागे चुना उरतो. नळी उडाली नाही म्हणून मूल तीत डोकावते आणि नेमका त्याच वेळी स्फोट होतो: ज्वाला, कपचे आणि क्षार एकदम डोळ्यात. आंबे पिकविण्यासाठी बेकायदा वापरली जाणारी ही पूड मुंबईतही दुर्मीळ नाही, म्हणून हा धोका मध्य प्रदेशापुरता समजू नये. डोळ्यात भुकटी गेली असेल तर स्वच्छ पाण्याच्या सौम्य धारेने सतत धुवावे. परंतु डोळा फाटला असेल, रक्त येत असेल किंवा काही रुतले असेल तर धुऊ नये, चोळू नये, दाबू नये. कागदी पेल्याच्या बुडासारखे काही स्पर्श न करता वर झाकून नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. गुलाबजल, मध, दूध, त्रिफळ्याचा काढा, अंजन यांपैकी काहीही घालू नये. नित्यसेवनाला जे चक्षुष्य, ते फुटलेल्या डोळ्याला नव्हे.

धुराचा विषय मोठा आहे. येथे त्यातील एकच गोष्ट नोंदवितो. धूमोपहताची लक्षणे, म्हणजे श्वास, शिंका, खोकला, नेत्रदाह, मूर्च्छा, ही दग्धाच्याच अध्यायात वर्णिलेली आहेत. आचार्यांनी ज्वाला आणि धूर यांना एकत्र पाहिले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या मोजणीत अतिसूक्ष्म धूलिकण सर्वाधिक आढळले ते नागगोळीत: घनमीटरला सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजारांची माळ तिच्यानंतर आली. ‘आवाज नाही, म्हणून लहानांना चालेल’ असे समजून ज्या दोन वस्तू आपण मुलांना देतो, त्या नागगोळी आणि फुलबाजी. पहिली धुराने आणि दुसरी तारेने इजा करते. दमेकरी मुलाला वाकून नागगोळी पेटविण्यास देऊ नये, हे प्रत्येक वैद्याने शरदाच्या प्रारंभीच पालकांना सांगावे.

कायद्याची उणीव आहे असे नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाक्यांस मनाई करणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिला. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने माळांना आणि ऑनलाइन विक्रीला मनाई करून दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ ठरविली. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईतील प्रदूषित हवेमुळे मुंबई उच्च न्यायालयानेही आठ ते दहाचीच मर्यादा घातली. नरक चतुर्दशीच्या पहाटेचा पहिला फटाका या नियमांत बसत नाही, हे अभ्यंगस्नानाचा पुरस्कार करणाऱ्या आपण वैद्यांनी सांगण्यास हरकत नसावी. झोपाळलेले मूल, अंधार आणि घाई, हा योग तसाही चांगला नाही. पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडण्याचा आवाज त्या पहाटेला पुरेसा होता, असे आमच्या पिढीला अजून वाटते. दिवाळी संपली म्हणजे विषय संपत नाही. चौपाटीवर वाढदिवस साजरे होतात आणि केकवर ठिणग्यांची मेणबत्ती लावली जाते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे अशाच मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन त्या दिवशीच सहा स्त्री कामगार मृत्युमुखी पडल्या. आपल्या केकवरील ती शोभेची नळी म्हणजे दारूकामच आहे, आणि ती मुलाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पेटविली जाते.

संघटनेच्या सभासदांपुढे आमची मागणी मर्यादित आहे. वसुबारसेपूर्वी एक पत्रक काढावे. मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत. त्यातील पहिली ओळ तीन बादल्यांची असावी आणि दुसरी वीस मिनिटांच्या पाण्याची. औषधाचे, विशेषतः कोणत्याही औषधनिर्मात्याचे, नाव त्यात नसावे. तसे असले की पत्रकाची जाहिरात होते आणि लोक ते वाचत नाहीत. ते सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर तर लावावेच, पण कोळीवाड्यातील किराणा दुकाने, चौपाटीवरील नारळपाणीवाले आणि फटाक्यांचे परवानाधारक विक्रेते यांच्याकडेही स्वतः जाऊन द्यावे. पाडव्याच्या सकाळी आवार झाडणाऱ्या सफाई कामगारांना ते वाचून दाखवावे, कारण फुसके फटाके प्रथम त्यांच्याच हाती लागतात. मसुद्यासाठी सूचना पाठविणाऱ्यांनी मजकूर एका पानाहून अधिक होणार नाही एवढे कृपया पाहावे.